ऑल व्हील ड्राइव्हचा दिवा लागला? गिअरबॉक्स उघडण्याआधी चाकांकडे बघा

मागच्या श्रावणात पहिन्याहून परतताना आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एकाच वेळी तीन दिवे लागले. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आणि फोर बाय फोर. गाडी चालत होती, आवाज नव्हता, वास नव्हता. दुसऱ्या दिवशी ज्या वर्कशॉपमध्ये नेली तिथे सांगण्यात आलं, "मागचं कपलिंग गेलंय, ट्रान्स्फरपण उघडावी लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच परत आणली. मग अंबडच्या एका छोट्या गॅरेजातल्या मेस्तरींनी स्कॅनर लावला आणि दहा मिनिटांत म्हणाले, "भाऊ, गिअरबॉक्सला काही झालेलं नाही. मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर बोलत नाहीये." सेन्सर काढला तर टोकाला चिखल आणि गंज यांचा खरपुडा बसलेला. साफ करून बसवला, तिन्ही दिवे गेले.

त्यानंतर हे काम मी स्वतः शिकलो. दिंडोरीकडे आमची बाग आहे, त्यामुळे काळ्या मातीचा चिखल वर्षातले चार महिने गाडीच्या पोटाला असतोच. नाशिकमध्ये आता जुन्या बाजारातून ऑल व्हील ड्राइव्ह गाडी घेणारे बरेच जण भेटतात आणि त्यांचे प्रश्न तेच असतात जे माझे होते. त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितो आहे.

१. आपली गाडी कोणत्या जातीची ते ओळखा

चारही चाकांना ताकद जाते म्हणजे सगळ्या गाड्या सारख्या नव्हेत. इथे गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

पहिली जात पार्ट टाइम फोर बाय फोर. नाशिकच्याच कारखान्यात तयार होणारी थार, जिम्नी, स्कॉर्पिओ-एनचं फोर बाय फोर मॉडेल, या गाड्या एरवी मागच्या दोन चाकांवर चालतात. फोर-एच (चारही चाकांना ताकद देणारी जागा) लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, पण जोडलेल्या शाफ्टमुळे त्यांना वेगळ्या गतीने फिरता येत नाही. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक जिरतो. कोरड्या डांबरावर तो जिरायला जागा नसते आणि ताण गिअरवर आणि जॉइंटवर येतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये फोर-एच लावून गाडी वळवली की ती अडखळते, ती याचमुळे. डांबरी रस्त्यावर फोर-एच नको.

दुसरी जात ऑल व्हील ड्राइव्ह. डस्टरचं एडब्ल्यूडी मॉडेल, एक्सयूव्ही ७००, ग्रँड विटाराचं ऑलग्रिप या जातीत येतात. इंजिन पुढे आडवं, गिअरबॉक्स पुढे. गिअरबॉक्सला चिकटून एक छोटी पेटी असते, तिला ट्रान्स्फर म्हणतात. तिच्यातले तिरके दात ताकद नव्वद अंशात वळवून मागे जाणाऱ्या लांब शाफ्टला देतात. मागच्या डिफरेन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) तोंडाशी कपलिंग असतं. त्यात पातळ क्लच प्लेटांची चळत असते. कॉम्प्युटर विजेचा प्रवाह वाढवतो तशा प्लेटा आवळल्या जातात आणि मागच्या चाकांना ताकद मिळते. सपाट रस्त्यावर त्या जवळपास सैल असतात.

आता मुख्य गोष्ट. प्लेटा कधी आणि किती आवळायच्या हे कॉम्प्युटर कशावरून ठरवतो? चार चाकांच्या वेगावरून, स्टिअरिंगच्या कोनावरून आणि तुमच्या पायाखालच्या अ‍ॅक्सिलरेटरवरून. चाकांचा वेग त्याला एबीएसच्या सेन्सरांकडून कळतो, वेगळे सेन्सर नसतात. एका चाकाने खोटं सांगितलं किंवा बोलणंच बंद केलं, की एबीएस हात वर करतं, त्याच्यावर अवलंबून असलेलं ईएसपी बंद होतं आणि ऑल व्हील ड्राइव्हही मागची चाकं सोडून देतं. तीन दिवे, आजार एक.

२. कागद आणि हत्यारं

कागदांत सर्वांत महत्त्वाचं गाडीबरोबर आलेलं पुस्तक. जुनी गाडी घेताना आरसी, विमा आणि पीयूसी सगळेच बघतात, पुस्तक आणि सर्व्हिसच्या नोंदी मात्र कोणी मागत नाही. मागा. ट्रान्स्फर आणि मागच्या डिफरेन्शियलचं तेल कधी बदललं होतं, हे त्या नोंदींतच कळतं. गाडी वॉरंटीत असेल तर खालचं काहीही करण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. कनेक्टर किंवा वायरिंगला बाहेर हात लागला तर पुढे दावा अडकू शकतो.

हत्यारं अशी लागतील:

- जॅक आणि किमान एक जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका.
- जॅकखाली ठेवायला जाड फळी. पावसाळ्यात अंगणातली माती जॅक गिळते.
- चाकाला लावायला दोन लाकडी ठोकळे.
- दहाचा पाना, बॉक्स आणि साधा दोन्ही. बहुतेक सेन्सरचा बोल्ट एवढाच असतो. काही गाड्यांत एलन की लागते.
- गंज सोडवणारा स्प्रे, आणि वेगळा घ्यायचा कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेच्या पिना साफ करणारा स्प्रे). दोन्हींचं काम वेगळं आहे.
- मऊ नायलॉनचा ब्रश (जुना टूथब्रश चालतो) आणि धागे न सुटणारं फडकं.
- मल्टिमीटर.
- ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. इथे लक्ष द्या: स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतो. घेण्याआधी तो तुमच्या गाडीच्या एबीएसपर्यंत पोहोचतो का, हे विचारून घ्या.

३. दिवे लागल्यावर पहिली दहा मिनिटं

गाडी सुरक्षित जागी थांबवा. लाल दिवा असेल, विशेषतः ब्रेकचा किंवा ऑइलचा, तर पुढे जाऊ नका. पिवळे दिवे असतील आणि ब्रेक नेहमीसारखा लागत असेल तर सावकाश घरी येता येतं, पण एबीएस नाही हे धरून चालवा. जोरात ब्रेक दाबला तर चाकं लॉक होतील.

फोर बाय फोरचा दिवा चिखलात बराच वेळ चाकं फिरवल्यावर लुकलुकत असेल तर बहुतेक वेळा कपलिंग तापलेलं असतं. प्लेटा घासून गरम झाल्या की कॉम्प्युटर स्वतःहून त्यांना सोडतो. पंधरा-वीस मिनिटं थांबा, निवल्यावर दिवा आपोआप जातो. हा बिघाड नाही, ते संरक्षण आहे.

घरी आल्यावर आधी बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवायला हवी आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. बॅटरी मरगळलेली असली की सगळ्या कॉम्प्युटरांना एकदम चक्कर येते आणि डॅशबोर्ड दिव्यांनी भरतो.

मग कोड वाचा. चाकाच्या सेन्सरचे सर्वसाधारण कोड लक्षात ठेवायला सोपे आहेत: सी००३५ म्हणजे पुढचं डावं, सी००४० पुढचं उजवं, सी००४५ मागचं डावं, सी००५० मागचं उजवं. काही कंपन्या स्वतःचे आकडे वापरतात, तेव्हा कोडाबरोबर आलेला मजकूरही वाचा. डावं-उजवं नेहमी गाडीत पुढे तोंड करून बसल्यावरचं. गाडीसमोर उभं राहून मोजलं की उलटं होतं आणि बिघडलेल्याऐवजी चांगला सेन्सर काढला जातो.

कोड लगेच पुसून टाकू नका. फोटो काढा. एका चाकाचा कोड आला तर सेन्सर, त्याची वायर किंवा बेअरिंग हा संशय. चारही चाकांचे एकदम आले तर फ्यूज, बॅटरी किंवा एबीएसच्या मुख्य कनेक्टरकडे वळा.

४. टायरचा हिशेब

हा भाग वगळू नका. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत दोनच टायर बदलणं ही मी पाहिलेली सर्वांत महाग काटकसर आहे.

२१५/६५ आर १६ मापाचा टायर घ्या. नव्या टायरचा व्यास साधारण ६८६ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात तो २.१५५ मीटर जातो. नक्षी ८ मिलिमीटरवरून ३ वर आली की व्यास १० मिलिमीटरने कमी होतो आणि फेरा २.१२३ मीटरचा होतो. किलोमीटरमागे झिजलेलं चाक जवळजवळ ७ फेरे जास्त फिरतं. नाशिक ते मुंबई १६५ किलोमीटर धरलं तर अकराशेहून जास्त फेरे. पुढे झिजलेले आणि मागे नवे टायर असतील तर कॉम्प्युटरला वाटतं पुढची चाकं सतत घसरताहेत. तो प्लेटा आवळतो, प्लेटा घासतात, तेल तापतं. लॉक मोड (प्लेटा आवळूनच ठेवणारा) लावला असेल तर आणखी वाईट.

म्हणून चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि जवळपास सारखे झिजलेले ठेवा. टायरची अदलाबदल पुस्तकात सांगितलेल्या अंतराने करा. हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना. स्टेपनी लहान मापाची असेल तर ती फक्त पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यासाठी. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण इगतपुरीच्या पावसात त्या टायरवर मी माझ्या घरच्यांना बसवणार नाही.

५. चाकाचा सेन्सर काढून साफ करणं

आधी सेन्सर कोणत्या प्रकारचा आहे ते बघा, कारण तपासायची पद्धत बदलते.

जुना प्रकार म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तारेचं वेटोळं. समोर दातेरी कडी फिरते आणि वेटोळ्यात वीज तयार होते. याला बाहेरून वीज लागत नाही. याचा रोध मल्टिमीटरवर साधारण १ ते २ किलोओहम येतो. आतली तार तुटलेली असेल तर मीटर अनंत दाखवतं. चाक हाताने फिरवलं तर एसी मिलिव्होल्ट हलताना दिसतात.

नव्या प्रकाराला एबीएसकडून वीज मिळते आणि आत इलेक्ट्रॉनिक चिप असते. याचा रोध मोजू नका. त्यातून काही कळत नाही, आणि मीटरच्या प्रवाहाने चिप दुखावू शकते. याला स्कॅनरवरच तपासायचं. या प्रकारात दातेरी कडीऐवजी बहुधा बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाचे पट्टे असतात. दिसायला ते साधं काळं रबर वाटतं, म्हणून दोन चुका होतात. एक, पडलेला बोल्ट उचलायला चुंबकाची कांडी तिथे नेली जाते आणि पट्टे बिघडतात. दुसरी, नवं बेअरिंग उलटं बसवलं जातं, पट्ट्यांची बाजू सेन्सरकडे न येता बाहेर राहते. बेअरिंग बदलल्या बदलल्या एबीएसचा दिवा लागला तर मेस्तरींना हे आधी विचारा.

आता काम.

पहिलं, गाडी सपाट, टणक जागी लावा. इंजिन बंद, किल्ली खिशात. जे चाक उचलायचं त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग फळीवर जॅक लावून गाडी उचला आणि स्टँड द्या. एक चाक वर असताना इंजिन चालू करून गिअर टाकून बघू नका. दोनच चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत लोक असं करतात. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये जमिनीवरच्या चाकांना ताकद मिळते आणि गाडी स्टँडवरून उडी मारते.

दुसरं, चाक काढल्यावर वायर डोळ्यांनी तपासा. सेन्सरपासून वर बॉडीपर्यंत बोटाने चाचपत जा. सस्पेन्शनजवळ जिथे ती वाकते, तिथे आतली तार तुटलेली आणि वरचं आवरण शाबूत असं होतं. मळ्याच्या कडेला गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या खुणाही शोधा. माझ्याकडे एकदा तेच निघालं आणि सेन्सर साफ करण्यात मी अख्खा रविवार घालवला होता.

तिसरं, कनेक्टर सोडवा. आधी भोवतीची माती ब्रशने झाडा, मगच कुलूप दाबा, नाहीतर माती पिनांवर पडते. पिनांवर हिरवा थर असेल तर तो तांब्याचा गंज. खताचे क्षार असलेला चिखल हे काम लवकर करतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या. पेट्रोल किंवा थिनर नको, प्लास्टिक आणि रबर खातं.

चौथं, सेन्सर बाहेर काढणं. इथे घाई केली की नवा सेन्सर घ्यावा लागतो. बोल्टवर आणि सेन्सरच्या भोकाभोवती गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि अर्धा तास थांबा. चहा घेऊन या. बोल्ट निघाला की सेन्सर सरळ ओढू नका. आधी अगदी थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे असा फिरवत राहा. हलायला लागला की मग वर घ्या. पक्कडीने डोकं पकडून पिळलं तर डोकं हातात येतं आणि देठ आत राहतो. अजिबात हलत नसेल तर पुन्हा स्प्रे मारून रात्रभर सोडा.

पाचवं, साफसफाई. चुंबकवाल्या सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस दाढीसारखा चिकटलेला असतो, तो ब्रेकच्या डिस्कमधून येतो. फडक्याने पुसा. टोक कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासू नका. मग ज्या भोकात सेन्सर बसतो ते भोक आणि त्याची बसण्याची जागा बघा. खरा गुन्हेगार बहुतेकदा इथे असतो. गंज फुगतो, सेन्सरला केसभर वर ढकलतो, आणि कडीपासूनचं अंतर वाढतं. सिग्नल कमजोर होतो आणि कमी वेगाला तुटतो. गाडी सिग्नलला थांबता थांबता, अगदी शेवटच्या क्षणी ब्रेकचं पॅडल थरथरत असेल आणि रस्ता कोरडा असेल, तर हेच समजा. गंज ब्रशने काढा, पण भुगा आत पडू देऊ नका. भोकात कापड धरा.

सहावं, दातेरी कडी असेल तर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) हाताने सावकाश पूर्ण फिरवून प्रत्येक दात बघा. त्यासाठी न्यूट्रल करावं लागतं आणि मागचं चाक असेल तर हँडब्रेकही सोडावा लागतो. ठोकळे म्हणूनच हवेत. तडकलेली कडी साफ करून उपयोग नाही, बदलावी लागते.

सातवं, परत बसवणं. भोकाच्या भिंतीला सिरॅमिक ग्रीसचा पातळ हात द्या, टोकाला नको. तांब्याची पूड असलेलं ग्रीस टाळा. सेन्सर हाताने पूर्ण आत बसला पाहिजे, बोल्ट आवळून त्याला आत खेचायचं नाही. बोल्ट छोटा आहे, साधारण ८ ते १० न्यूटन मीटर त्याला पुरतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या दुरुस्तीच्या माहितीत मिळतो. वायर तिच्या सगळ्या क्लिपांत परत अडकवा. एक क्लिप राहिली तर ती टायरला घासते.

शेवटी कोड पुसा आणि फेरी मारा. बऱ्याच गाड्यांत दिवा जागेवर जात नाही, थोडं अंतर चालवल्यावर कॉम्प्युटरची खात्री पटते आणि मग विझतो. मी सकाळी सहाला गंगापूर धरणाच्या रस्त्याला जातो. शेजारी कोणाला तरी स्कॅनर घेऊन बसवा आणि चारही चाकांचा वेग एकाच पडद्यावर लावा. सरळ रस्त्यावर चारही आकडे बरोबरीने चढायला-उतरायला हवेत. एखादा आकडा अधूनमधून शून्यावर पडत असेल तर वायर किंवा कडी अजून बाकी आहे. हा पडदा बघणारा माणूस दुसराच असावा, गाडी चालवणारा नव्हे.

व्हील अलाइनमेंट केल्यावर ईएसपीचा दिवा लागला तर चाकं उघडू नका. स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणावा लागतो. काही गाड्यांत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून होतं, काहींना स्कॅनर लागतो.

ही साफसफाई मी वर्षातून दोनदा करतो, मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर. वॉशिंग सेंटरवाल्या दादांना सांगून ठेवा की प्रेशरचा फवारा चाकामागच्या कनेक्टरांवर जवळून मारू नका.

६. तेल: तीन पेट्या, तीन तेलं

गिअरबॉक्स, ट्रान्स्फर आणि मागचं डिफरेन्शियल या बहुतेक गाड्यांत वेगवेगळ्या पेट्या असतात. तिन्हींत एकच तेल ओतणारे भेटतात, त्यांना थांबवा. ट्रान्स्फर आणि डिफरेन्शियलच्या तिरक्या दातांना सहसा जीएल-५ दर्जाचं जाड तेल लागतं. बऱ्याच मॅन्युअल गिअरबॉक्सना जीएल-४ लागतं, आणि त्यात चुकीचं जीएल-५ गेलं तर गिअर जुळवणाऱ्या पितळी कड्यांना ते सोसत नाही. तुमच्या गाडीचं पुस्तक काय सांगतं तेच खरं.

स्वतः तेल बदलणार असाल तर एक नियम: आधी भरायचा बोल्ट उघडा, मग काढायचा. भरायचा बोल्ट गंजून बसलेला असला आणि तुम्ही तेल आधीच सोडलं असलं, तर गाडी जागेवर अडकली. तेल भोकाच्या काठाला आलं की पातळी पूर्ण. गाडी चारही बाजूंनी सपाट हवी, एका बाजूला जॅकवर असताना पातळी खोटी दिसते.

निघालेल्या तेलात बारीक राखाडी पूड चालते. चमचमणारे कपचे दिसले किंवा तेल दुधाळ असलं (पाणी शिरलंय), तर इथे थांबून जाणत्याकडे न्या.

७. घाटात ही गाडी कशी वागते

चार चाकांची ताकद गाडी पुढे ढकलायला मदत करते. थांबवायला नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, आणि आपली गाडी शाफ्ट-डिफरेन्शियलच्या वजनाने उलट थोडी जड असते. ओल्या रस्त्यावर गाडी बिनतक्रार वेग घेते, त्यामुळे पकड आहे असं वाटतं, आणि ती नाही हे पहिल्या वळणाच्या ब्रेकला कळतं. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना हे मनात ठेवा आणि उतरताना तर नक्कीच.

वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करा. वळणात अ‍ॅक्सिलरेटर हलका आणि स्थिर. स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की मग ताकद द्या, तेव्हा मागची चाकं खरोखर ढकलताना जाणवतात. या गाड्यांचा स्वभाव नाक बाहेर काढायचा आहे: वेग जास्त झाला तर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाऊ बघते. तेव्हा आणखी स्टिअरिंग वळवू नका, पाय हळू उचला. कसाऱ्याच्या उतारावर दुसरा-तिसरा गिअर ठेवा, ब्रेक तापवू नका.

मोड डांबरी रस्त्यावर ऑटोच ठेवा. लॉक फक्त चिखल, वाळू, निसरडी चढण, तेही संथ गतीने, आणि बाहेर आलात की लगेच काढा. द्राक्षाच्या हंगामात ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेली माती सकाळच्या दवाने निसरडी होते, तिथे ऑटो पुरतं.

८. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर

पुढची दोन चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरवत नेली, की मागची चाकं शाफ्टला आणि कपलिंगला फिरवत राहतात. पुढची थांबलेली, मागची फिरती, हा फरक प्लेटांवर येतो आणि शाबूत कपलिंग वर्कशॉपमध्ये पोचेपर्यंत जळू शकतं. घोटीजवळ आमच्या ओळखीच्या एकांची गाडी अशीच साखळीला लागली होती, वेळेवर फोन आला म्हणून वाचली. चारही चाकं वर घेणारी सपाट गाडीच (फ्लॅटबेड) मागवा. आरटीओच्या किंवा वर्कशॉपच्या ब्रेक तपासणीच्या रोलरवर गाडी चढवायची असेल तरी रोलर चालवणाऱ्याला आधी सांगा की ही ऑल व्हील ड्राइव्ह आहे.

मी विम्याच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवली आहे, कारण अशा वेळी गाडीत मी नसलो तरी बायको किंवा मुलगा असू शकतो. त्यावर चारच ओळी आहेत: विम्याच्या मदतीचा नंबर, पॉलिसीचा नंबर, टायरचं माप आणि "फ्लॅटबेडच पाठवा, एकही चाक रस्त्यावर नको."